झोक्याच्या कड्या

नवी घरं बांधणाऱ्या ठेकेदारांचा मला कधीच हेवा वाटला नाही. मोकळा प्लॉट, चुन्याची आखणी आणि मध्ये बोलायला कुणी नाही. माझं काम राहत्या घरातलं. एका खोलीत माझी माणसं फरशी फोडत असतात, दुसऱ्या खोलीत आबांचं जेवण चाललेलं असतं आणि तिसऱ्या खोलीत वर्षाच्या गव्हानं भरलेल्या कोठ्या उभ्या असतात. त्या हलवायच्या आहेत हे सगळ्यांना मान्य असतं. कुठं हलवायच्या हे कुणी सांगत नाही. शेवटी आम्हीच त्या उचलतो आणि कोठीखालून निघालेल्या झुरळांचा दोषही आमच्याच माथी येतो.

तरी हे काम मला आवडतं, आणि ते मला चांगलं जमतं हे सांगताना मी उगाच लाजत नाही. चोपड्याहून जळगावला गवंड्याच्या हाताखाली आलो तेव्हा माझ्याजवळ एक थापी होती, तीही उसनी. आज दोन टेम्पो आहेत, वीस-बावीस माणसं आहेत, आणि जळगावात नि धुळ्यात मिळून चार-पाच घरं आम्ही कायम उघडून ठेवलेली असतात. एवढं नाव कसं कमावलं, असं लोक विचारतात. कारण अगदी साधं आहे. पहिला हातोडा पडण्याआधी मी घरातल्या बाईला गॅलरीत नाहीतर जिन्याखाली गॅस मांडून देतो. तिचा चहा थांबला नाही तर काम बिघडत नाही. आणि संध्याकाळी माझी माणसं झाडून, मलबा गोण्यांत भरून, मगच घरी जातात. बाकी फरशी काय, सगळेच बसवतात.

गिऱ्हाइकांचे प्रकारही आता पाठ झालेत. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ. बाथरूमचा एक पाइप बदलायचाय म्हणून बोलावतात, आणि चहा संपेपर्यंत स्वयंपाकघराची भिंत पाडायची ठरलेली असते. पण सगळ्यांत अवघड गिऱ्हाईक म्हणजे पुण्यातला मुलगा. तो घरात राहत नाही, घराचा फोटो मात्र त्याच्या मोबाइलमध्ये तयार असतो. घर खान्देशातलं आणि फोटो कुठल्या तरी परदेशातल्या बंगल्याचा. वैशाखात कूलर कुठं बसवायचा हे त्या फोटोत दिसत नाही. मी प्रत्येकाला विचारतो, आणि प्रत्येक जण म्हणतो, काका, एसी लावू.

लोकांची घरं अशी चकाचक करत असताना माझं स्वतःचं घर मात्र कायम उकरलेलं असायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्याकडे वीस वर्षं होता. एखाद्या साइटवर चांगल्या फरश्या उरल्या की घरी आणायच्या, त्या बसवायच्या म्हणून जुन्या काढायच्या, आणि तेवढ्यात दुसऱ्या साइटवरून फोन आला की माणसं तिकडे पळवायची. बायकोनं त्यावर बोलणं केव्हाच सोडलं होतं.

या उकरलेल्या घराचा मी एक उपयोगही करून घेत होतो. माझी धाकटी बहीण फैजपूरला दिलेली. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. माहेरचं कुणीतरी मुराळी म्हणून त्यांना आणायला जातं. घरात नाहीतर झाडाला झोका बांधतात, मुली झोक्यावर बसून गाणी म्हणतात, आणि पुरुष त्या दोन दिवसांत उघडउघड पत्ते कुटतात. आई होती तोवर बहीण दर आखाजीला आली. आई गेल्यावर आणायला जाणं माझ्याकडे आलं, आणि मी दर वर्षी फोन करायला लागलो. घराचं काम काढलंय, सगळीकडे धूळ आहे, पुढच्या वर्षी ये. ती 'बरं' म्हणायची. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

धुळ्याचं काम मी घेतलं ते अशाच एका आखाजीच्या आधी. देवपुरातलं पस्तीस-चाळीस वर्षांचं स्लॅबचं घर, चार खोल्या, पुढे अंगण. घरात सत्तरीच्या अक्का एकट्या. यजमान वर्षापूर्वी वारलेले. तीन मुली सासरी, आणि मुलगा अर्थातच पुण्याला. फोटो आला. हॉलला पीओपीचं छत हवं होतं, कडेनं खाच आणि खाचेत लपवलेले दिवे. अक्कांना दमा, म्हणून पीओपीचं काम सुरू झालं तेव्हा त्या आठ दिवस थोरल्या मुलीकडे जाऊन राहिल्या.

त्या आठ दिवसांतला एक फोन मला अजून शब्दाशब्दाने आठवतो. मी जळगावात टाइल्सच्या दुकानात उभा होतो, एका गिऱ्हाईक नवरा-बायकोचं रंगावरून जुंपलेलं, आणि मी पंच. पीओपीचे कारागीर लांबच्या मुलखातले. त्यांनी विचारलं, "सेठ, दो कडी बीच में आ रही है." मी म्हणालो, "काट दो." एवढंच. पंख्याच्या जुन्या कड्या असतील असं वाटलं, किंवा काहीच वाटलं नाही. दुसरंच जास्त खरं.

आखाजीच्या दोन दिवस आधी मी काम ताब्यात द्यायला गेलो. पीओपी झकास झालं होतं. दिवे लावून दाखवले. अक्का सकाळीच परत आल्या होत्या. त्यांनी दिव्यांकडे पाहिलं नाही. त्या हॉलच्या मधोमध उभ्या राहून त्या पांढऱ्या, सपाट छताकडे बघत राहिल्या.

"भाऊ," त्यांनी विचारलं, "त्या कड्या कोठे ग्यात?"

तेव्हा कुठे मला कळलं, त्या कड्या कशाच्या होत्या. मी चोपड्याकडचा माणूस. लहानपणी आईच्या, बहिणीच्या झोक्याचे दोर मीच ओढून बघितलेले. हॉलच्या मधोमध हातभर अंतरावर दोन जाड कड्या म्हटल्यावर दुसरं काय असणार? परगावच्या कारागिरांना ते माहीत नव्हतं, त्यांनी विचारलं तरी. मला माहीत असून मी विचारलं नाही. मला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटली की मी जसं करतो तसं केलं. भराभर बोलायला लागलो. आखाजीनंतर माणूस पाठवतो म्हणालो. बाजारात लोखंडी स्टँडचा झोका मिळतो, तो उद्याच माझ्याकडून भेट म्हणून आणून देतो म्हणालो.

अक्कांनी मला बोलू दिलं. मग खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. धाकटीनं सहा वर्षांपूर्वी आपल्या पसंतीनं लग्न केलं होतं. बापानं त्यानंतर तिला आखाजीला बोलावलं नाही. पण राग कसा, तर थोरल्या दोघी आल्या तरी त्यांच्यासाठीही त्यानं झोका बांधू दिला नाही. झोक्याचा दोर घडी करून पेटीत ठेवला आणि म्हणाला, ती येईल तेव्हा बांधू. बोलावलं मात्र नाही. सहा वर्षं तो दोर पेटीत राहिला आणि कड्या वर रिकाम्या. आता बाप नव्हता. भाऊ स्वतः मुराळी होऊन तिला आणायला सुरतेला गेला होता, आणि उद्या संध्याकाळी ती त्या दारातून आत येणार होती.

"ती वर देखी," अक्का म्हणाल्या, "आनि म्हनी, बापनी कापी टाक्यात."

ती वर बघेल आणि म्हणेल, बापानं कापून टाकल्या. आणि नाही म्हणायला तो आता नव्हता. अक्का रडल्या नाहीत, माझ्यावर आवाजही चढवला नाही. माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं.

मी बाहेर ओट्यावर येऊन फोन लावायला सुरुवात केली. पीओपीवाले पुढच्या कामाला नाशिककडे गेले होते. माझे धुळ्याचे दोघे गवंडी आपापल्या गावी पोचले होते. एकाच्या मागे पत्त्यांचा गलका ऐकू येत होता. जळगावची माणसंही निघालेली. सगळ्यांचं उत्तर एकच, आखाजीनंतर. हे उत्तर मी स्वतः इतकी वर्षं लोकांना देत आलो होतो. त्यामुळे वाद घालायला तोंड नव्हतं.

मग मी बाही वर सारली. भोकं पाडायचं मशीन साइटवरच होतं. आणि कुंपणाच्या भिंतीला मलब्याच्या गोण्या रचलेल्या होत्या, कारण ट्रॅक्टरवालाही आखाजीला गेलेला. रोजच्या रोज झाडून घेण्याचा माझा बडिवार त्या दिवशी कामाला आला. मी अंगणात बसून एकेक गोणी उलटी केली. अकरा गोण्या झाल्या. कड्या सातवीत आणि अकरावीत सापडल्या. बाहेरून गंजलेल्या, पण आतल्या बाजूला दोर घासून घासून तांब्याच्या भांड्यासारख्या गुळगुळीत झालेल्या. अक्का दारात उभ्या होत्या. मी कड्या त्यांच्या हातात दिल्या, त्यांनी पदरानं पुसून परत दिल्या.

महामार्गावर एक फॅब्रिकेशनचं दुकान उघडं मिळालं. मी तिथल्या मिस्त्रीला समजावून सांगितलं. दोन जाड आटे पाडलेल्या सळया, प्रत्येकीच्या टोकाला या जुन्या कड्या, चहूबाजूंनी भरून वेल्डिंग, आणि वर आवळायला जाड पत्र्याच्या चौकोनी प्लेटा. सळई स्लॅबमधून आरपार घालायची, गच्चीवर प्लेट ठेवून नट आवळायचा. मग कडी निघायची तर स्लॅबसकट निघेल. सळया आणि प्लेटा मी चार-चार करून घेतल्या, आणि दोन सळयांना नव्या कड्या लावल्या. दोन लागत असतील तिथं चार करून ठेवायच्या ही जुनी सवय. रात्री धुळ्यातच लॉजवर राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गच्चीवर चढलो तेव्हाच लादी चटके देत होती. अक्कांच्या कुरडया धोतराच्या कापडावर वाळत पडल्या होत्या. आधी त्या चार टोकांनी उचलून पलीकडे नेल्या, कारण कुरडयांवर सिमेंटची धूळ पाडून मला आणखी एक गुन्हा नको होता. मग खालच्या हॉलची मापं वर उतरवली, दोन ठिकाणी खुणा केल्या आणि मशीन धरलं. दहा-बारा वर्षांत मी मशीन हातात धरलं नव्हतं. मी आता बोटानं दाखवणारा माणूस झालो होतो. पाच मिनिटांत मनगटं थरथरायला लागली आणि कमरेनं आपण किती वर्षांचे झालो ते सांगितलं.

पहिल्या भोकाला स्लॅबमधली सळई आडवी आली. दोन बोटं सरकून पुन्हा सुरुवात केली. अक्का खाली हॉलमध्ये नाकाला पदर लावून, मान वर करून उभ्या होत्या. आत बसा, दमा आहे, असं मी वरून दोनदा ओरडून सांगितलं. त्या हलल्या नाहीत. माझं नवं कोरं पीओपी मीच वरून भोसकत होतो, आणि खरं सांगतो, त्यात मला मजा वाटायला लागली होती. अचानक मशीन हलकं झालं आणि खालून आवाज आला.

"उनी, भाऊ. उनी."

आली म्हणजे टोक आलं. मी खाली वाकून भोकातून बघितलं. पांढऱ्या भुकटीत अक्कांचं कपाळ आणि दोन डोळे दिसले. त्या हसत होत्या.

दुपारपर्यंत दोन्ही कड्या बसल्या. गच्चीवरच्या प्लेटा सिमेंटच्या मसाल्यात गाडून टाकल्या, पीओपीच्या भोकांना मी स्वतः पुट्टी भरून गोल केलं. ते काम आजही बघाल तर थोडं वाकडंच दिसतं. मग पेटी उघडली. दोर सहा वर्षं घडीत राहून ताठ झाला होता, डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. फळी मीच घासली. पण माझा कुठल्याच वेल्डिंगवर डोळे मिटून विश्वास नाही, म्हणून झोका बांधल्यावर आधी त्यावर सिमेंटच्या गोण्या बसवल्या. एक, दोन, तीन, चार. चार गोण्या तासभर झोक्यावर हलत बसल्या, आणि अक्का मला म्हणाल्या की माहेरवाशिणी जरा जाडच आल्या यंदा. गोण्या उतरवून मी स्वतः बसलो, पाय आपटून दोन हिसके दिले. कड्या हूं की चूं करत नव्हत्या.

संध्याकाळी मी अंगणात सामान गाडीत भरत होतो तेव्हा ते आले. मुलगा, धाकटी आणि तिचं चार वर्षांचं पोरगं. मला निघून जायला हवं होतं, पण मी डिकीशी उगाच रेंगाळलो. धाकटी दारात थांबली. चप्पल काढता काढता तिनं वर बघितलं. झोका नंतर, आधी वर. मग चालत गेली, झोक्याच्या फळीवर उभी राहिली आणि टाचा उंच करून एका कडीला हात लावला. कडीच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवलं, तिथंच, जिथं ती गुळगुळीत होती.

"दोर तुना बापनाच शे," अक्का म्हणाल्या. दोर तुझ्या बापाचाच आहे.

धाकटी झोक्यावर बसली आणि दोराला गाल लावून रडली. मुलगा छताकडे बघत होता, दिव्यांकडे नाही, माझ्या वाकड्या भोकांकडे. मग अक्कांनी मुलीला सगळं खरं सांगून टाकलं. कड्या कुणी कापल्या, का कापल्या, कुणी शोधल्या. "त्या भाऊनी," म्हणून त्यांनी दारातून माझ्याकडे बोट केलं. धाकटी रडता रडता हसली. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकासमोर माझी चूक कुणी अशी उघड्यावर मांडली नव्हती, आणि इतकं बरंही मला कधी वाटलं नव्हतं. पारोळा, एरंडोल मागे टाकत जळगावला आलो तोवर हाताला आलेले फोड स्टिअरिंगवर फुटले होते.

उरलेल्या दोन सळया गाडीत होत्या. दुसऱ्या दिवशी, आखाजीच्या सकाळी, मी आमच्या गच्चीवर चढलो. बायको खाली उभी राहिली. काय चाललंय हे तिनं विचारलं नाही, फक्त टोक आलं की सांगितलं. अकराच्या सुमारास झोका टांगून, अंघोळ करून, मी गाडी फैजपूरला काढली.

बहिणीच्या दारात उभा राहिलो तेव्हा ती पोळपाटावर सांजोऱ्या लाटत होती. मी म्हणालो, मुराळी आलोय, चल. तिनं माझ्या हातांकडे बघितलं, मग तोंडाकडे. घराचं काम संपलं का, असं तिनं विचारलं. नाही, म्हणालो, पुढच्या खोलीची फरशी उचललेली आहे, पडवीत वाळू आहे. तिनं हात धुतले. पिशवी भरायला तिला पाच मिनिटंही लागली नाहीत. ती आधीच भरलेली होती का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. दर वर्षी भरत असेल का, हे तर मुळीच नाही.

त्यानंतर मी एक नियम केला आहे. कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेलो की आधी छत बघतो. कडी दिसली, खुंटी दिसली, की विचारतो, इथं काय टांगता? कुणी पाळणा म्हणतं, रावेरकडचे लोक केळीचा घड पिकायला टांगतात, आणि बरेच जण गोंधळून आपल्या आईला हाक मारतात. पुण्याचे मुलगे हसतात. हसू देत. आई बाहेर येऊन सांगेपर्यंत मी मशीनला हात लावू देत नाही.

पण मला सांगायचं होतं ते त्या दुपारचं. बहीण फरशीच्या ढिगाला वळसा घालून, साडी धुळीतून वर धरत आत आली. अकरा वर्षांनी. माझ्या घरात मधल्या काळात तीनदा रंग बदलला होता, स्वयंपाकघर दोनदा फिरलं होतं, तिला ते काहीच माहीत नव्हतं. मी एकेक दाखवायला लागलो. तिचं लक्ष नव्हतं. ती सरळ झोक्यावर जाऊन बसली, दोन्ही दोर ओढून बघितले, पाय वर घेतले आणि तशीच थांबली. मी समोर उभा राहून तिला सळई आरपार कशी घातली, वर प्लेट कशी दिली ते सांगत होतो.

"ढकल ना भो आता," ती म्हणाली. "का त्याले बी मजूर लावशीन?"

मी चपला काढल्या आणि तिच्या मागे जाऊन उभा राहिलो.